गळकी किटली

ती दारात पोहोचली तेव्हा आत तिचाच आवाज बोलत होता.

शेड लांबट होती. एका भिंतीला फळ्या, फळ्यांवर वाळत ठेवलेली कच्ची भांडी, टोकाला भट्टी. खिडकीखाली एक माणूस पाठमोरा बसून चाकावर काम करत होता. त्याच्या डोक्यावरच्या खुंटीला एक छोटा स्पीकर टांगलेला होता आणि त्यातून ती एका कादंबरीतलं लग्न मोडत होती – "त्याने पेला खाली ठेवला. ती काहीच बोलली नाही. तिने फक्त किटली उचलली…"

हातातली पिशवी छातीशी धरून ती उंबऱ्यावर थांबली. आपलाच आवाज असा परक्या जागी भेटला की तो आपल्यापेक्षा शहाणा वाटतो.

"कुणी आहे का?" तिने विचारलं.

"हे वाक्य पुस्तकात नाही," पाठमोरा माणूस म्हणाला. मग त्याचे हात थबकले. चाकावरची बरणी एका बाजूला कलंडली, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. त्याने वळून तिच्याकडे पाहिलं, मग स्पीकरकडे, मग परत तिच्याकडे.

"अजून एकदा बोला."

"काय बोलू?"

"झालं. पुरे." त्याने कोपराने स्पीकर बंद केला, कारण हात मनगटापर्यंत मातीत होते. "बसा. म्हणजे… आधी स्टूल पुसा, मग बसा."

ती एका वाचनालयासाठी पुस्तकं मोठ्याने वाचायची. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ती ध्वनिमुद्रित होत. घराच्या मागच्या खोलीत भिंतींना जुन्या गाद्या लावून तिने आपला स्टुडिओ केला होता. आपलं वाचन कोण ऐकतं याचा तिने कधी फारसा विचार केला नव्हता. मातीकाम करणारा, डोळस माणूस तर तिच्या ध्यानीमनीही नव्हता.

"हात गुंतलेले, डोळे चाकावर," त्याने जणू खुलासा दिला. "कान तेवढे मोकळे असतात. पण एक तक्रार आहे तुमच्याकडे."

"वाचनाबद्दल?"

"किटल्यांबद्दल. तुमच्या पुस्तकांतली माणसं सारखी चहा ओततात. पिताना कुणी दिसत नाही."

"लेखकाला माणसांना गप्प बसवायचं असलं की तो चहा ओततो," ती म्हणाली.

"असेल. पण इतकी पुस्तकं ऐकली, एकाही किटलीतून थेंब सांडला नाही. असले कारागीर कुठे मिळतात, पत्ता द्या."

"तुमच्या सांडतात?"

"माझ्या? नाही." आपली उंची सांगावी तसं त्याने ते सांगितलं. फुशारकी नव्हती त्यात.

तिला हसू आलं. घरात बरेच दिवस कुणी हसलं नव्हतं हे तिला त्या हसण्यामुळेच आठवलं. ती गंभीर झाली आणि तिने पिशवीतून किटली काढली. पांढरी, पोटावर एकच निळी रेघ, झाकणाला गोल बोंड. तोटीचं टोक तुटलेलं.

"माझ्याच हातून झालं. धुताना नळावर आपटली."

"तुकडा?"

"चुरा झाला."

त्याने हात धुतले, कोरडे केले, मगच किटली घेतली. बराच वेळ ती फिरवून पाहिली. "भाजलेल्या मातीला ओली माती धरत नाही," तो म्हणाला. "काहीबाही लावून चिकटवेन, पण उकळता चहा ते फार दिवस सोसणार नाही. दुसरी करता येईल. हीच मापं, हीच रेघ. फक्त आधीच सांगून ठेवतो. ही येणार नाही. हिच्यासारखी येईल."

"तेवढं चालेल."

"वापरणार कोण?"

"बाबा. आणि… बाबाच."

"हिच्यात काही दोष होता? असेल तर आत्ता सांगा."

तिने रिकाम्या पिशवीची घडी घातली. "नाही," ती म्हणाली.

ते खोटं होतं.

किटली गळकी होती. आईने लग्नानंतर पहिल्यांदा स्वतःच्या पसंतीने घेतलेली वस्तू, आणि पहिल्या दिवसापासून गळकी. रोज चारला आई चहा ओतायची. ओतून झालं, किटली सरळ केली, की तोटीच्या ओठाशी एक थेंब जमायचा, तिथेच रेंगाळायचा आणि मग सावकाश टेबलक्लॉथवर पडायचा. बाबा घडी केलेला रुमाल घेऊन तयार असायचे, पण त्यांचा रुमाल नेहमी थेंबाच्या नंतर पोहोचायचा. "सांडलंस," ते म्हणायचे. "मी नाही. किटली सांडते," आई म्हणायची. एवढंच. बाबा जमिनीच्या मोजणीच्या कामात आयुष्य घालवलेले, मोजकंच बोलणारे. दिवसभरात त्यांचं आईशी दुसरं काही बोलणं झालं नाही तरी हे व्हायचंच.

मागच्या हिवाळ्यात आई गेली. बाबांनी चारचा चहा सोडला नाही. ते स्वतःच ओतायचे, थेंब पडू द्यायचे, हळूच "सांडलंस" म्हणायचे आणि रुमालाने टिपायचे. गाद्या लावलेल्या खोलीत बसून ती त्या वेळेला वाचन थांबवायची. तिथून काहीच ऐकू यायचं नाही, तरी थांबवायची.

मग तिच्या हातून तोटी फुटली. "असू दे," बाबा म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते चारला बाहेर आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मग त्यांनी दाढी करणं सोडलं, पेपर उघडणं सोडलं. वरच्या मजल्यावर राहणारी आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तोंडाने फटकळ, पण त्या दिवशी जिन्यात तिला थांबवून ती हळू आवाजात म्हणाली, "हा माणूस आत आत चाललाय गं. एक दिवस आपण दार वाजवू आणि आत कुणी नसेल."

ते ऐकून ती किटली घेऊन निघाली होती. दोष मात्र सांगवला नाही. आईच्या किटलीला नाव ठेवायचा हक्क त्या घरात एकट्या बाबांना होता.

नवी किटली झाली तेव्हा तिला दोन्हींतला फरक सांगता आला नसता. तीच रेघ, तेच बोंड. तळाला कडेशी अंगठ्याचा एक उथळ ठसा होता, तेवढाच नवा. "ती माझी खूण," तो म्हणाला. "ज्या कामाची लाज वाटणार नाही, त्यावर करतो."

तिने बाबांना हाताला धरून टेबलाशी आणलं. बाबांनी किटली पाहिली आणि त्यांचा चेहरा जरा उजळला, तिने तो उजळताना पाहिला. त्यांनी खणातून रुमाल काढला, चार घड्या केल्या, चहा ओतला. किटली सरळ केली. रुमाल तोटीखाली धरून ते थांबले.

धार कापल्यासारखी तुटली होती. तोटीचा ओठ कोरडा होता.

बाबा आणखी थोडं थांबले. "छान केलीय," ते म्हणाले. रुमाल जुन्याच घड्यांवर दुमडून त्यांनी खणात ठेवला आणि चहा तसाच टाकून ते खोलीत गेले.

"एवढी देखणी किटली," आत्या म्हणाली, "आणि ह्याचं तोंड असं का?"

ती टेबलक्लॉथकडे बघत होती. कितीही धुतला तरी न गेलेला तपकिरी डाग, आईच्या जागेच्या समोर. मग तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती शेडवर गेली.

"ती गळत होती," तिने दारातूनच सांगितलं.

"माझी?" तो उभाच राहिला.

"आईची. तुमची गळत नाही. तीच अडचण आहे."

त्याला समजायला वेळ लागला. समजल्यावर त्याने चाक थांबवलं. "मी विचारलं होतं. दोष होता का म्हणून."

"आईचा दोष परक्या माणसाला कसा सांगायचा?"

"मी किटलीचा विचारला होता."

"आमच्या घरात ते वेगळं नव्हतं."

त्याने मातीचे हात पुसले. मग म्हणाला, "माझे वस्ताद होते. तोटीतून थेंब सांडला तर काही न बोलता भांडं भिंतीवर आपटायचे. रागावून नाही. रोजचं काम असल्यासारखं. ह्या शेडमधून आजवर गळकं भांडं बाहेर गेलेलं नाही. आणि तुम्ही मला गळकी किटली करायला सांगताय."

"हो."

"मुद्दाम."

"हो. नाही म्हणालात तरी चालेल… म्हणजे, चालणार नाही. पण मी समजून घेईन."

त्याने तिच्याकडे पाहिलं. रात्रभर न झोपलेल्या माणसाचे डोळे होते ते. तो वळला, फळीवरून आईची तुटकी किटली काढली आणि दोघांच्या मधे ठेवली.

"किती गळायची?"

"एकच थेंब. ओतून झाल्यावर."

"लगेच?"

"नाही. आधी वाटायचं, आज नाही पडणार. मग पडायचा."

"म्हणजे रेंगाळायचा." त्याने बोटाने हवेतच तोटीचा ओठ काढला. "धारदार कापला की चहा तुटतो. गोल ठेवला की शेवटचा थेंब मागे वळतो. पण फार गोल झाला तर नुसती गळती… अवघड आहे. सरळ गळकी कुणीही करेल."

बाबांचं ते "सांडलंस" आणि आईचं उत्तर तिने त्याला सांगितलं नाही. थेंबाचं सांगणं कामाचं होतं. ती दोन वाक्यं घरची होती.

त्यानंतर ती वरचेवर शेडवर जाऊ लागली. भट्टीतून निघालेली प्रत्येक किटली खऱ्या चहाने तपासायची, पाण्याने नाही, असं त्याचं म्हणणं. तो स्टोव्हवर चहा उकळायचा, ती ओतायची आणि दोघं वाकून तोटीकडे बघत राहायचे – डोकी इतकी जवळ, की वाफ दोघांच्याही चष्म्यांवर यायची आणि थेंब पडला की नाही ते कुणालाच दिसायचं नाही.

"पडला?"

"तुम्ही बघत होतात ना?"

"मी… हो. परत ओता."

एक किटली नळासारखी वाहिली. एकीने थेंब तोटीच्या पोटावरून घरंगळवत थेट त्याच्या गुडघ्यावर आणून सोडला. बऱ्याचशा मात्र कोरड्याच राहिल्या, कारण हातांना लागलेली सवय सुटत नव्हती. "आयुष्यात पहिल्यांदा न गळणारी भांडी बाजूला टाकतोय," तो म्हणाला. "वस्तादांनी पाहिलं तर किटली सोडून मलाच भिंतीवर आपटतील."

तो काम करत असला की ती वाचायची. त्यानेच तसं सुचवलं होतं – खरा आवाज समोर असताना खुंटीवरचा कशाला. एका दुपारी ती पान उलटत असताना तो चाकावरून नजर न काढता म्हणाला, "एक विचारू? ती लग्न मोडणारी कादंबरी. पहिली अर्धी वाचताना तुम्हाला शेवट माहीत नाही असं वाटतं. मग एका प्रकरणापासून… माहीत असल्यासारखं."

तिने पुस्तक मिटलं. "मधे आई गेली."

चाक हळूहळू थांबलं. ओले हात तसेच मांडीवर ठेवून तो बसून राहिला. बाहेर कुणीतरी हातगाडी ढकलत गेलं, तिचा खडखडाट दूर गेला.

"ते प्रकरण मी दोनदा ऐकलं," तो मग म्हणाला.

"का?"

"पहिल्यांदा गोष्ट ऐकली."

"आणि दुसऱ्यांदा?"

त्याने चाक पुन्हा चालू केलं. त्याचे कान लाल झालेले तिला मागून दिसत होते.

घरी बाबा दिवसेंदिवस कमी होत होते. जेवण पानात राहू लागलं. हाक मारली की उत्तर यायला वेळ लागायचा. हे ऐकून त्याने बाकीची कामं बाजूला सारली. आत्याच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. "तुझा भट्टीवाला रोज निरोप धाडतो, बाबा जेवले का म्हणून," ती म्हणाली. "तू पोटची पोर, तू विचारत नाहीस तेवढं तो विचारतो. चहापेक्षा किटली गरम ती हीच."

"माझा कसला, आत्या."

"बरं, माझा म्हणू?"

एके दिवशी चारच्या जरा आधी दार वाजलं. तो स्वच्छ शर्ट घालून उभा होता, तरी एका कानामागे माती राहिलेली. हातात कापडात गुंडाळलेली किटली.

"ही तपासली नाही," तो हळूच म्हणाला. "शेडवर चहा टाकला होता. मग वाटलं… इथेच पडू दे. नाहीतर इथेच पडणार नाही."

आत्याने बाबांना बोलावून आणलं. काय सांगून, ते तिलाच ठाऊक. बाबा खुर्चीत टेकले. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात. पाहुण्याकडे बघून त्यांनी मान हलवली. टेबलावरची किटली पाहून ते म्हणाले, "ही ती नाही."

"नाही," तो म्हणाला. "ती येणार नाही."

बाबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांना असं सरळ कुणी काही सांगितलं नव्हतं. "बरं," ते म्हणाले. पण किटलीला त्यांनी हात लावला नाही. रुमालही काढला नाही.

मग तीच उठली. आईच्या जागेवर उभी राहिली आणि बाबांच्या कपात चहा ओतला. किटली सरळ केली. तोटीच्या ओठाशी काहीच नव्हतं. तिने समोर पाहिलं – तो श्वास धरून बसला होता, दोन्ही हात टेबलाखाली.

मग ओठाच्या कडेला काहीतरी चमकलं. जमलं. फुगलं. रेंगाळलं. आणि सावकाश, जुन्या डागाच्या जवळच, पडलं.

कुणीच हललं नाही. बाबांचा हात आपोआप खणाकडे गेला आणि वाटेतच थांबला.

"सांडलंस," ते म्हणाले.

उत्तर तिला पाठ होतं. आईच्या आवाजाच्या चढउतारांसकट पाठ होतं, तेच तिचं काम होतं. पण ते तिच्याने म्हणवेना. बाबांची नजर खाली गेली, आणि तेवढ्यात समोरून, मान ताठ करून, एखाद्याने गुन्हा कबूल करावा तसा तो म्हणाला –

"त्यांनी नाही. किटली सांडते."

आत्याने तोंडावर हात ठेवला.

"मी केलीय ती," तो म्हणाला, कारण सगळे आपल्याकडे असे का बघताहेत ते त्याला कळत नव्हतं. "दोष तिचा आहे. म्हणजे माझा. ह्यांना बोलू नका."

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खण उघडला, रुमाल काढला, एकेक करत चार घड्या घातल्या आणि डागावर दाबून धरला. बराच वेळ दाबून धरला. डोळ्यांतून ओघळलेलं पाणी त्यांनी पुसलं नाही. तिथे रुमाल एकच होता आणि तो कामात होता.

"ताई," ते आत्याला म्हणाले, "ह्यांना कप दे."

ते दोन कप चहा प्याले. दुसऱ्या कपाचा थेंब पडला तेव्हा रुमाल पुन्हा उशिराच पोहोचला. उठता उठता पाहुण्याला त्यांनी माती कुठली वापरता, एवढंच विचारलं, आणि उत्तर संपेपर्यंत ऐकलं.

नंतर स्वयंपाकघरात ती भांडी घासत होती आणि तो पुसत होता. किटली तिने दोन्ही हातांनी धरून धुतली, नळापासून लांब. तळाशी बोटाला काहीतरी लागलं. तिने ती उलटी केली. कडेशी अंगठ्याचा उथळ ठसा होता.

"तुम्ही म्हणाला होतात, ज्याची लाज वाटणार नाही त्यावरच खूण करता."

"हो."

"ही तर गळकी आहे."

"हो." तो एकच कप पुसत राहिला. कप केव्हाच कोरडा झाला होता. "तुम्ही आईचं नाव राखायला दोष लपवलात. मला उलटं करायचं होतं. उद्या कुणी विचारलं, ही गळकी किटली कुणाची… तर माझी, असं म्हणायचंय. इथे बसून. रोज चारला… तुझ्या समोर."

त्याने "तुझ्या" म्हटलेलं त्याला स्वतःलाच नंतर ऐकू आलं. त्याने कप खाली ठेवला.

तिने नळ बंद केला. "हे वाक्य पुस्तकात नाही," ती म्हणाली.

"नाही."

"मग अजून एकदा बोल."

बाहेरच्या खोलीतून बाबांचा आवाज आला. जरा खरखरीत, पण मोठा. "ताई, हा रुमाल धुऊन वाळत घाल. उद्या लागेल."